बारा दुकानं आणि न्यायाधिकरणाची मर्यादा

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, की आयोगाचा निर्णय चुकीचा वाटला तर न्यायालयाने तो सरळ बदलून का देऊ नये? उत्तर एका ब्रिटिश खटल्यातून देतो. खटला किराणा दुकानांचा आहे; म्हणून हलका समजू नका.

2004 मध्ये मॉरिसन्सने सेफवे ही साखळी घेतली. पुढे मॉरिसन्सकडची 115 दुकानं सॉमरफिल्डने विकत घेतली. देशभरात पसरलेली 115 दुकानं म्हणजे फार काही नाही, असं वाटेल. पण माणूस आठवड्याचं सामान देशभर फिरून आणत नाही. त्याच्या गावात दोन दुकानं होती आणि आता दोन्हींचा मालक एकच, एवढंच त्याच्यापुरतं खरं. सप्टेंबर 2005 मध्ये ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने अशी 12 ठिकाणं काढली आणि तिथली दुकानं विकायला सांगितलं.

वाद पेटला तो कोणतं दुकान विकायचं, यावर. सॉमरफिल्डचं म्हणणं: दोन दुकानं एका हातात आली हाच दोष ना? मग नवं विकू नाही तर जुनं, निवड आमची. तर्कशास्त्र शिकवणाऱ्याला हा युक्तिवाद आवडतो. मलाही पहिल्या वाचनात आवडला. पण निवड विकणाऱ्याकडे दिली तर तो पडकं दुकान विकेल, चालतं ठेवेल. प्रतिस्पर्धी उरेल तो कागदावर.

13 फेब्रुवारी 2006 रोजी स्पर्धा अपील न्यायाधिकरणाने सॉमरफिल्डचा अर्ज फेटाळला. पूर्वस्थिती आणायची तर झालेली खरेदी उलटवणं, ही आयोगाची सुरुवात अवाजवी नाही; उलट काही दाखवून दिलं तर गोष्ट वेगळी. म्हणजे दाखवून देण्याचं ओझं खरेदीदारावर.

आता मूळ प्रश्न. 2002 च्या एंटरप्राइज ॲक्टने बहुतेक विलीनीकरणांचे निर्णय मंत्र्यांकडून काढून स्वतंत्र संस्थांकडे दिले. त्याच कायद्याच्या कलम 120 प्रमाणे न्यायाधिकरणाने न्यायिक पुनर्विलोकनाचीच तत्त्वं लावायची. ‘मी असता तर काय ठरवलं असतं’ हा प्रश्नच नाही. ‘समोरच्या पुराव्यावर वाजवी आयोगाला असं ठरवता आलं असतं का’ एवढंच बघायचं. न्यायाधिकरणात तज्ज्ञ बसतात, तरीही. मला हे थोडं खटकतं, बरं का! तज्ज्ञ बसवायचे आणि त्यांना स्वतःचं मत बाजूला ठेवायला सांगायचं.

मग हे पुनर्विलोकन दात नसलेलं आहे का? तसंही नाही. डिसेंबर 2018 मध्ये सेन्सबरीज आणि आस्दा याच न्यायाधिकरणाकडे गेले. आयोगाच्या जागी आलेल्या प्राधिकरणाने उत्तराला दिलेला वेळ अन्यायकारक ठरला, आणि तो वाढवावा लागला. पुढे दोघांनी 125 ते 150 सुपरमार्केट विकण्याची तयारी दाखवली. प्राधिकरणाने वाढीव वेळात सगळं ऐकून घेतलं, आणि 25 एप्रिल 2019 रोजी विलीनीकरणालाच मनाई केली.