सुईच्या टोपणाची कुळकथा

रक्त तपासायला गेलात की एकदा सिस्टरच्या हातांकडे नीट बघा. सुई शिरेतून बाहेर येते. उजव्या हातात सिरींज असते, डाव्या हाताच्या चिमटीत प्लॅस्टिकचं बारीक टोपण. रक्ताने माखलेलं टोक त्या टोपणाच्या तोंडाकडे, म्हणजे तिच्याच बोटांकडे, निघतं. मागून कुणी हाक मारली, नेम गव्हाभर चुकला, की सुई कडेवरून घसरून थेट बोटात. वापरलेल्या सुईला टोपण लावायचं नाही, हे तिला शिकवलेलं असतं. पण धारदार वस्तू उघडी टाकू नये, हे हाताने त्याच्या कितीतरी आधी शिकलेलं असतं.

मुळात हे टोपण बोटांसाठी आलंच नव्हतं. काचेच्या सिरींजच्या काळात कंपाउंडर उकळत्या पाण्याच्या डबीतून चिमट्याने सुई उचलायचा. तीच सुई पुन्हा पुन्हा वापरायची, बोथट झाली की दगडावर घासायची. न्यूझीलंडच्या कॉलिन मर्डॉक या औषधविक्रेत्याने १९५६ साली एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या सिरींजचं पेटंट घेतलं. पुढे अशा सिरींज सगळीकडे पसरल्या. कारखान्यात निर्जंतुक केलेली सुई रुग्णापर्यंत तशीच पोचावी, म्हणून तिच्यावर टोपण. ते रुग्णाच्या रक्षणासाठी होतं आणि सुई टोचायच्या क्षणी त्याचं काम संपत होतं. नंतर ते परत चढवणं ही माणसांनी लावून घेतलेली सवय. इस्पितळात तिला ‘रिकॅप करणं’ म्हणतात.

या सवयीची किंमत आधी काविळीने वसूल केली. हेपटायटिस बी झालेल्या रुग्णाची सुई टोचली आणि लस घेतलेली नसली, तर शंभरात ६ ते ३० जणांना लागण होऊ शकते. एचआयव्हीचं हेच प्रमाण हजारात साधारण ३ आहे. तरी जग हादरलं ते एचआयव्हीनेच. सुई टोचून एका परिचारिकेला त्याची लागण झाल्याची नोंद १९८४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ऑगस्ट १९८७ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सांगितलं, की प्रत्येक रुग्णाचं रक्त संसर्गजन्यच धरा. सुईला टोपण परत लावू नका, ती हाताने वाकवू नका, मोडू नका. जवळच ठेवलेल्या, सुई आरपार जाणार नाही अशा डब्यात टाका.

नियम झाला, पण हात थांबले नाहीत. का थांबले नाहीत, याचं उत्तर व्हर्जिनिया विद्यापीठाच्या जनीन जॅगर यांनी शोधलं. या कथेतलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच काम. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एका विद्यापीठ इस्पितळातल्या दहा महिन्यांतल्या सुई टोचण्याच्या ३२६ घटना तपासल्या आणि ज्यांना सुई टोचली त्यांनाच विचारलं. एक तृतीयांश घटना टोपण लावण्याशी निगडित होत्या. मग लावलं कशाला? उत्तरं साधी होती: उपकरणाचे भाग सुटे करताना उघडी सुई मध्ये येते, तिची भीती वाटते. चार उघड्या वस्तू एका खेपेत डब्यापर्यंत न्यायच्या कशा? एक धोका टाळायला माणसं दुसरा पत्करत होती. जॅगर यांनी कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखवलं नाही, वस्तूच्या घडणीकडे दाखवलं. सुई झाकताना हात कायम टोकाच्या मागेच राहतील, अशी साधनं बनवा, असं त्यांनी १९८८ साली मांडलं. अमेरिकेत १९९१ साली रक्तातून पसरणाऱ्या रोगांपासून कर्मचाऱ्यांना वाचवण्याचा नियम आला आणि २००० साली सुरक्षित सुयांचा कायदा. कोणती साधनं घ्यायची हे ठरवताना ती हाताळणाऱ्यांचं मत घेणं त्यात बंधनकारक केलं.

आपल्याकडे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम १९९८ साली आले, २०१६ साली ते नव्याने झाले. सुया-पात्यांसाठी पांढरा, अर्धपारदर्शक, सहज भोक न पडणारा डबा त्यात सांगितला आहे. मात्र सुई डब्याऐवजी पिशवीत पडली, तर ती टोचणाऱ्याच्या नव्हे, पिशवी उचलणाऱ्या मावशींच्या पोटरीत घुसते. कुठल्या रुग्णाची सुई, हेही मग कळत नाही. ओरडा बसेल या भीतीने त्या सांगतही नाहीत. खरं तर जखम लगेच साबण-पाण्याने धुवायची, बोट दाबायचं किंवा चोखायचं नाही, आणि ताबडतोब कळवायचं. एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितक्या लवकर तितकं बरं, आणि ती २८ दिवस घ्यायची असतात.

कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपटायटिस बीची लस देणं ही २०१६ च्या नियमांनुसार संस्थेची जबाबदारी आहे. साधारणपणे तिचे तीन डोस असतात, शेवटचा सहाव्या महिन्यात. कंत्राट बदललं की माणसं बदलतात आणि तो शेवटचा डोस राहून जातो. तुमचा दवाखाना असेल, लॅब असेल, तर आजच मावशींना विचारा: तिसरा डोस झाला का?