जाखूच्या माथ्यावरील उलटा क्रम

थर उलथलेले नसतील तर खालचा थर जुना आणि वरचा नवा, हा भूविज्ञानाचा पहिला पाठ. जो खडक अधिक खोल गाडला गेला, तो उष्णतेने व दाबाने अधिक बदललेला, हा दुसरा. शिमल्याच्या डोंगरांत मात्र दुसरा पाठ उलटा दिसतो. खालच्या उतारांवर पाटीच्या दगडासारखे, अल्प रूपांतरित खडक आहेत. जाखू टेकडीच्या माथ्यावर मात्र अधिक खोलीवर, अधिक उष्णतेत घडलेले अभ्रकयुक्त खडक विराजमान आहेत.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे जी. ई. पिलग्रिम आणि डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी १९२८ साली या कोड्याचे उत्तर मांडले. दोहोंच्या मध्ये एक मंद उताराचा प्रस्तरभंग आहे; त्यावरून खोलातले खडक वर ढकलले जाऊन दुसऱ्या खडकांवर चादरीसारखे पसरले. पुढे दाब चालूच राहिल्याने त्या चादरीलाही वळ्या पडल्या. उंचावलेला भाग झिजून गेला. अभिनतीच्या खोलगट भागात सापडलेला तुकडा तेवढा टिकला. आजचे शिखर म्हणजे एका जुन्या खळग्याचा अवशेष होय.

१९३१ साली दा. नौ. वाडिया यांनी हेच वाचन नकाशाच्या व्याप्तीवर नेले. नंगा पर्वताजवळ हिमालयाच्या रांगा एकाएकी दक्षिणेकडे का वळतात? भारतीय भूमीचे एक कठीण टोक उत्तरेकडे घुसले आणि वळ्या त्याला वळसा घालून घडल्या, असे त्यांनी दाखवले. भूपट्ट सिद्धान्त तेव्हा अजून तीन दशके दूर होता.

ही हालचाल मात्र संपलेली नाही. ४ एप्रिल १९०५ रोजी कांगड्याच्या भूकंपाने सुमारे २० हजार बळी घेतले. त्याची पाहणी करणाऱ्या मिडलमिस यांना भूपृष्ठावर त्याची भंगरेषा आढळली नाही. पुढे हिमालयाच्या पायथ्याशी, काला अंब येथे संशोधकांनी चर खणला. त्याच्या भिंतींत थर तुटून एकमेकांवर चढलेले दिसले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने गेल्या काही शतकांतील मोठ्या भूकंपांची नोंद मातीतूनच मिळवली.

हिमालय दरवर्षी सुमारे २ सेंटिमीटर आक्रसतो. शतकात सुमारे २ मीटर. पायथ्याखालचा प्रस्तरभंग जखडलेला असतो तोवर खडक स्प्रिंगसारखे दबत राहतात, आणि साठलेले अंतर पुढे काही क्षणांत भरून निघते. जाखूचा माथा त्या जुन्या सरकण्याची साक्ष देतो. पायथ्याच्या शहरांतील इमारतींचे आराखडे मात्र पुढच्या सरकण्याचा हिशेब धरूनच आखावे लागतील.