हरणाची शिकार : गोळीचा नेम आणि मांसाची नासाडी

गोळी हरणाच्या अंगात कुठे लागते, यावर ते किती लवकर मरते आणि त्याचे किती मांस ताटात येते, हे दोन्ही ठरते. ही नोंद मुख्यतः उत्तर अमेरिकेतील व्हाइट-टेल्ड डीअर या पांढऱ्या शेपटीच्या हरणाबद्दल आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार चितळ-सांबरांची शिकार हा गुन्हा आहे. पेन्सिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन, मिशिगन, टेक्सस या राज्यांत मात्र हंगामात परवाना काढून हरणे मारली जातात आणि अनेक घरांचा फ्रीजर त्या मांसानेच भरतो. असे मांस विकायला तिथे सहसा परवानगी नसते, त्यामुळे नासाडीचा फटका शिकाऱ्याच्याच घराला बसतो.

नवशिक्याला शिकवला जाणारा नेम छातीचा. हरीण आडवे उभे असावे आणि गोळी पुढच्या पायाच्या किंचित मागे, छातीच्या मध्याखाली लागावी. ती बरगड्यांमधून शिरून दोन्ही फुप्फुसे भेदते आणि पलीकडे निघते. वाया जाते ते बरगड्यांवरचे पातळ मांस, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. अडचण एवढीच, की असे हरीण जागीच पडेल याची खात्री नसते.

साउथ कॅरोलायनातील सीडर नॉल क्लबमध्ये मारलेल्या ४९३ हरणांच्या नोंदींवरून हे नीट कळते. फुप्फुसात गोळी लागलेली हरणे सरासरी ५० यार्ड पळाली, हृदयात लागलेली ३९ यार्ड, पोटात लागलेली ६९ यार्ड. खांद्यात लागलेली? फक्त ३ यार्ड. दाट झुडपांच्या मुलखात, दिवस मावळताना, पन्नास यार्डांवर पडलेले हरीणही सापडता सापडत नाही. म्हणून खांद्यावर नेम धरणारे कमी नाहीत.

त्याची किंमत कातडे सोलताना दिसते. खांद्याच्या हाडाच्या ठिकऱ्या उडून आजूबाजूच्या मांसात घुसलेल्या असतात. स्नायूंच्या थरांमध्ये रक्त साकळून काळपट, बुळबुळीत गोळा झालेला असतो आणि तो गोळीच्या भोकापासून बराच दूर पसरतो. एवढे सगळे कापून टाकावे लागते. गोळी आरपार दोन्ही खांद्यांतून गेली, तर पुढच्या दोन्ही पायांचे बरेच मांस हातचे जाते. तरी हा तोटा सोसण्याजोगा आहे. या भागाचा बहुधा खिमाच होतो; पाठीच्या कण्यालगतचे मऊ मांस आणि मागच्या मांड्या, म्हणजे खरा ऐवज, शाबूत राहतो.

मानेवर किंवा डोक्यावर नेम धरला तर मांस सर्वांत जास्त वाचते, हे कागदावर खरे. पण डोके सतत हलत असते आणि मेंदू असतो मुठीएवढा. नेम जरा चुकला तर जबडा फुटलेले हरीण निसटते आणि उपासमारीने मरते. तिथे मांसही गेले आणि जनावरही. सगळ्यात वाईट गोळी पोटातली. जठर-आतड्यांतला ऐवज मांसाला लागतो, हरीण लवकर मरत नाही, आणि मागावर घाईने गेल्यास ते उठून आणखी लांब पळते. म्हणून शिकारी कित्येक तास थांबतात; हवा उष्ण असेल तर तेवढ्यात मांस बिघडते.

नेमाइतकाच गोळीच्या वेगाचा आणि बांधणीचा प्रश्न आहे. वेगवान, पातळ कवचाची गोळी जवळच्या अंतरावर हाडाला लागली की फुटते आणि मांसाचा लगदा करते. .३०-३० सारख्या जुन्या काडतुसाची जड, संथ गोळी तेवढा विध्वंस करत नाही. धारदार पात्याचा बाण तर कापत जातो, आसपासचे मांस फारसे ठेचत नाही.

शिशाच्या गोळीचे कण मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या खिम्यात क्ष-किरण तपासणीत शिसे आढळले, तेव्हा राज्याच्या आरोग्य खात्याने अन्नछत्रांना ते मांस न वाटण्याचा सल्ला दिला. जखमेभोवतीचे मांस हात राखून न कापता सढळपणे टाकावे, हा सल्ला त्यानंतर अधिक आग्रहाने दिला जाऊ लागला. तांब्याच्या गोळ्या सहसा फुटून विखुरत नाहीत. कॅलिफोर्नियात कॉन्डॉर गिधाडांना होणाऱ्या विषबाधेमुळे शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि १ जुलै २०१९ पासून ती पूर्णपणे लागू झाली.

नासाडीवर काही ठिकाणी कायद्याचेही बंधन आहे. अलास्कात खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे गुन्हा आहे. हरणाच्या मानेचे आणि बरगड्यांचे मांसही आणावे लागते. गोळीमुळे निकामी झालेल्या मांसाला मात्र तिथल्या नियमांत सूट आहे.