काजवा
भुंगेऱ्यांच्या गणातील, लॅम्पिरिडी कुलातील प्रकाशमान कीटक. मावळात लोणावळा, औंढे, राजमाची या डोंगरपट्ट्यात मेअखेरीस, वळवाच्या सरींनंतर काजवे दिसू लागतात. पावसाने जोर धरला की ओसरतात. पोटाच्या शेवटच्या खंडांत ल्युसिफेरिन या द्रव्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन जवळजवळ उष्णतारहित प्रकाश निघतो. अनेक जातींत नर उडता उडता आपल्या जातीच्या ठरावीक लयीत चमकतो. झुडपावर बसलेली मादी नेमक्या अंतराने उत्तर देते आणि नर तिकडे वळतो. अमेरिकेतील फोट्युरिस काजव्याची मादी परजातीच्या मादीचे उत्तर हुबेहूब वठवते आणि फसून आलेल्या नराला खाते. बंगल्यांच्या, मोटारींच्या झगमगाटात नर-मादीचा हा नाजूक संवाद तुटतो, मीलन हुकते. म्हणून काजवे पाहताना विजेरी बंदच हवी. काजव्यांच्या गोगलगायी खाणाऱ्या अळ्याही चमकतात; ही चमक भक्षकांना इशारा मानतात.