पेशी-आसंजन आणि भ्रूणातील ऊतीनिर्मिती: एका संकल्पनेचा इतिहास

योहानेस होल्टफ्रेटर यांनी १९३९ मध्ये भ्रूणपेशींच्या परस्पर ओढीस ‘ऊतीय आकर्षण’ असे नाव दिले. परंतु नाव देणे म्हणजे कारण सांगणे नव्हे. १९५५ मध्ये टाउन्स यांच्यासह त्यांनी उभयचर भ्रूणांच्या पेशी अल्कधर्मी द्रावणात सुट्या केल्या व एकत्र मिसळल्या. त्या आपोआप वेगळ्या झाल्या. बाह्यत्वचेच्या पेशी बाहेर आल्या, चेतापट्टाच्या आत गेल्या. भ्रूणातील मांडणीच जणू पुन्हा साकारली. स्टाइनबर्ग यांच्या मते, यामागे केवळ आसंजनबलातील फरक होता: घट्ट चिकटणाऱ्या पेशी आत जातात. हा विचार आकर्षक असला, तरी त्यास रेणूचा आधार नव्हता. तो ताकेइची यांच्या संशोधनातून मिळाला. कॅल्शियमवर अवलंबून असलेल्या त्या प्रथिनास १९८४ मध्ये कॅडहेरिन म्हटले गेले. मात्र २००८ मध्ये झेब्राफिशच्या भ्रूणांत पेशीपृष्ठाचा ताणही तितकाच निर्णायक आढळला.