वाट कोणी द्यायची?
(शीड आणि इंजिन यांच्या शेजाराची गोष्ट)

म्हादई नदी आमच्या खानापूर तालुक्यात देगावच्या रानात उगम पावते. तिथे तिच्यात पोरांनी सोडलेली कागदाची होडीसुद्धा दहा पावलांवर दगडाला अडते. हीच नदी सत्तरीतून खाली उतरून मांडवी होते आणि पणजीला पोचते, तेव्हा तिच्या पात्रात बेतीची फेरीबोट असते, मासेमाऱ्यांच्या होड्या असतात, पर्यटकांना फिरवणाऱ्या लाँची असतात, नांगरून ठेवलेली कॅसिनोची जहाजे असतात आणि वारा बरा असला तर एखादे पांढरे शीडही दिसते. रस्त्यावर पट्टे असतात, सिग्नल असतो, निदान शिट्टी फुंकणारा हवालदार तरी असतो. पाण्यावर यातले काही नाही. ब्रेकही नाही. मग दोन नावा समोरासमोर आल्या तर वाट कोणी द्यायची?

या प्रश्नाचे पहिले नीटस उत्तर १८४० साली लंडनमध्ये लिहिले गेले. आगबोटी तेव्हा नव्या होत्या आणि टेम्स नदीत व भोवतालच्या समुद्रात त्यांच्या धडका वाढत चालल्या होत्या. ट्रिनिटी हाउस ही दीपगृहे आणि वाटाडे नावाडी यांचा कारभार पाहणारी जुनी संस्था. तिने नियम घातले. त्यातला एक विचार मला फार सुंदर वाटतो. आगबोट म्हणजे जिला कायमच अनुकूल वारा लाभला आहे अशी नाव समजावी, असे त्यांनी ठरवले. शिडांच्या जगात पूर्वीपासून रिवाज होता, की पाठीशी वारा घेऊन सुखाने येणाऱ्याने वाऱ्याशी झगडत वर चढणाऱ्याला वाट द्यावी. आगबोटीला तर वारा कधी आडवा येतच नाही. तेव्हा तिनेच बाजूला व्हावे. यात ना दुबळ्याची कणव, ना ‘बळी तो कान पिळी’चा न्याय. ज्याला वळणे सोपे त्याने वळावे, एवढा साधा हिशेब. आणि नव्या यंत्राला जुन्याच रिवाजाच्या घरात जागा करून दिली.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. १८४६ साली आगबोटींनी एकमेकींना डावी बाजू दाखवून, म्हणजे आपापल्या उजवीकडून जावे, असा इंग्लंडात कायदा झाला. (इंग्रज रस्त्यावर डावीकडून चालतो आणि पाण्यावर उजवीकडून. आपणही त्याच्याकडून दोन्ही सवयी घेतल्या.) १८६३ साली इंग्लंड आणि फ्रान्स यांनी मिळून नियम केले, ते पाहता पाहता बहुतेक दर्यावर्दी देशांनी उचलले, १८८९ साली वॉशिंग्टनला परिषद भरली. आजचा आंतरराष्ट्रीय नियमसंच १९७२ चा, तो १५ जुलै १९७७ पासून अमलात आहे. त्याचे अठरावे कलम सांगते, की इंजिनावर चालणाऱ्या नावेने शिडाच्या नावेला वाट द्यावी.

पण इथेच थांबणाऱ्याची फसगत होते. त्याच संचाचे नववे कलम म्हणते, की अरुंद प्रवाहात जे जहाज खोल पाण्याची चिंचोळी वाट सोडून जाऊच शकत नाही, त्याच्या आड वीस मीटरपेक्षा लहान नावेने किंवा कोणत्याही शिडाच्या नावेने येऊ नये. मांडवीवर याचा अर्थ काय होतो पाहा. १९५० च्या दशकापासून २०१२ साली खाणी बंद होईपर्यंत आमोणे-सुर्ल्याच्या धक्क्यांवरून लोहखनिजाने काठोकाठ भरलेल्या बार्जेस मुरगावकडे जात. पावसाळ्यात आग्वादच्या मुखाशी वाळूचा बांध आणि लाटा वाट अडवतात, म्हणून त्या कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारीत उतरत. शेकडो टनांची बार्ज त्या कालव्यात वळणार कुठे आणि थांबणार कुठे? तिथे होडीवाल्याने कलम अठरा म्हणून दाखवण्यात अर्थ नव्हता. त्याच कुंभारजुव्यात गणेशोत्सवाच्या सातव्या दिवशी ‘सांगोड’ निघतो. दोन होड्या एकत्र बांधून त्यावर गणपती बसवतात आणि वाजतगाजत पाण्यावरून मिरवतात. सांगोडाचे तराफे आणि बार्जचे पोलादी कठडे एकाच चिंचोळ्या पाण्याचे हक्कदार होते.

म्हणजे खुल्या समुद्रावर जो नियम लख्ख, तोच नदीत शिरला की गढूळ होतो. आंतरराष्ट्रीय नियमांनाही हे ठाऊक आहे. म्हणून नद्या, सरोवरे, बंदरे यांच्यासाठी स्थानिक नियम करण्याची मुभा पहिल्याच कलमात ठेवली आहे. ते स्थानिक नियम कसे घडतात, हे पाहायचे तर इंग्लंडच्या पूर्व कोपऱ्यातल्या नॉरफोक ब्रॉड्सइतके चांगले उदाहरण नाही.

ब्रॉड म्हणजे उथळ, पसरट तळे. नॉरफोक आणि सफोक परगण्यांत यार, ब्युअर, अँट, थर्न, वेव्हनी या नद्यांच्या काठाने अशी अनेक तळी आहेत. सारे मिळून सुमारे दोनशे किलोमीटरचा जलमार्ग, आणि त्यात एकही दरवाजाचे कुलूपबंद बंधारे नाहीत. ही तळी नैसर्गिक, असे सगळे मानत. १९५० च्या दशकात जॉइस लँबर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी तळाशी भोके पाडून गाळाचे थर तपासले, तेव्हा काठ सरळ उभे कापलेले निघाले. मध्ययुगात लोकांनी सरपणासाठी पीट नावाची जळाऊ माती खणून नेली, पुढे पाणी चढले, खड्डे बुडाले. म्हणजे हे पाणीही माणसाच्या कामातूनच झालेले.

या पाण्यावर शतकानुशतके राज्य केले ते ‘व्हेरी’ नावाच्या मालवाहू नावेने. एकच मोठे काळे शीड. डांबर आणि हेरिंग माशाचे तेल चोपडून ते काळे होई. डोलकाठी पायाशी वजन लावून अशी तोललेली, की पूल आला की एक माणूस ती आडवी करी आणि पुलाखालून निघताच पुन्हा उभी करी. १८४४ साली नॉरिच ते यारमथ रेल्वे झाली आणि हळूहळू माल रुळांवर गेला. व्हेरीवाल्यांनी मग उन्हाळ्यात मालाच्या जागी हौशी माणसे न्यायला सुरुवात केली. जॉन लॉइन्स नावाचा नॉरिचचा एक सुतार १८७८ च्या सुमारास शिडाच्या लहान नावा भाड्याने देऊ लागला, आणि रेल्वेने व्हेरीच्या पोटावर पाय दिला तोच तिने लंडनचा प्रवासीही आणून सोडला. आज माल वाहणारी व्हेरी नाही. १८९८ साली बांधलेली ‘आल्बियन’ मात्र १९४९ साली स्थापन झालेल्या एका विश्वस्त संस्थेने जपली आहे.

शर्यती त्याआधीपासूनच्या. ‘वॉटर फ्रॉलिक’ म्हणजे पाण्यावरची जत्रा. नॉरिचजवळ थॉर्प गावी १८२१ पासून अशी जत्रा भरू लागली. जोसेफ स्टॅनर्डने रंगवलेले तिचे मोठे चित्र नॉरिचच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात आहे. त्यात उमराव आहेत, विणकर आहेत, नावाच नावा आहेत. पुढे क्लब निघाले, नियम आले, एकाच मापाच्या नावा बांधून शर्यती होऊ लागल्या. १९०० सालच्या नमुन्याच्या ‘ब्राउन बोट’ आणि १९०८ च्या ‘व्हाइट बोट’ अजूनही शर्यतीत उतरतात.

मग इंजिन आले. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात भाड्याच्या मोटारबोटी वाढल्या. शीड हाताळायला शिकावे लागते, मोटारबोट दहा मिनिटांच्या सूचनांवर ताब्यात मिळते. या संघर्षाची उत्तम साक्ष कायद्याच्या पुस्तकात नाही, मुलांच्या पुस्तकात आहे. आर्थर रॅन्समची ‘कूट क्लब’ ही कादंबरी १९३४ ची. त्यात एक मोटारबोट नेमकी पाणकोंबडीसारख्या कूट पक्ष्याच्या घरट्यापाशी नांगरते, रेडिओ ठणाणा वाजवते आणि हलायला नकार देते. तेव्हा टॉम नावाचा स्थानिक मुलगा तिचे दोर सोडून देतो आणि पुढे पुस्तकभर पाठलाग. शेवटी ती बोट ब्रायडन वॉटर या खाडीसारख्या पसरट पाण्यात खांबावर आदळते. रॅन्सम अर्थातच शिडाच्या बाजूचा. उलटी बाजू पाहायची तर टेम्सवर जावे. जेरोम के. जेरोमच्या १८८९ च्या ‘थ्री मेन इन अ बोट’मधले तिघे वल्ह्याच्या नावेत असताना वाफेच्या लाँचीच्या मुद्दाम आड येतात, आणि पुढे एका ओळखीच्या लाँचीने त्यांना ओढून नेले, तेव्हा हेच तिघे वाटेत येणाऱ्या वल्हेवाल्यांच्या नावाने बोटे मोडतात. बसमध्ये शिरायला मिळेपर्यंत ‘सरका हो आत’ आणि शिरल्यावर ‘जागा कुठाय इथे’, हे आपल्याला सांगायला नको.

आता दोघांची अडचण नीट समजून घेऊ. शिडाची नाव वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. ती या काठाकडे तिरपी, मग वळून त्या काठाकडे तिरपी, अशी नागमोडी चढते. वीस-तीस मीटर रुंद नदीत तिला दर अर्ध्या मिनिटाला वळावे लागते. मोटारवाल्याला वाटते, ही माझ्या अंगावर येते आहे. मग अचानक पाठ फिरवून जाते, पुन्हा येते. तिला वेडे लागले आहे असे त्याला वाटले तर नवल नाही. त्याची स्वतःचीही गत फारशी बरी नसते. भाड्याची बोट उंच आणि सपाट तळाची. बाजूचा वारा तिला ढकलतो. वेग अगदी कमी केला तर सुकाणू ऐकत नाही, आणि मागे घ्यायला गेले तर नाळ, म्हणजे पुढचे टोक, भलतीकडेच वळते. म्हणजे ‘थांबून वाट द्या’ हा सल्ला ऐकायला बरा, करायला अवघड.

ब्रॉड्सवर यातून जी रीत पडली ती अशी: मोटारबोटीने आपल्या उजव्या काठाने हळू यावे, शीडवाल्याच्या दोन-तीन फेऱ्या पाहाव्यात, आणि तो समोरच्या काठाकडे निघाला की त्याच्या मागून निघून जावे. पुढून कधीही नाही. शीडवालाही गप्प बसत नाही. हात हलवून ‘आता या’ म्हणून खुणावतो. स्वतः वाट मिळण्याचा हक्क असूनही एखादी फेरी लवकर वळून तो जागा करून देतो. एक बारकावा नवख्याला कोणी सांगत नाही: उंच बोट वाऱ्याच्या बाजूने खेटून गेली तर ती शिडाचा वाराच खाऊन टाकते, आणि बिचारी नाव नदीच्या मधोमध लुळी पडते.

आणि लाटा. उथळ पाण्यात वेगाने जाणारी बोट मागे लाटांचा पंखा सोडते; त्याने काठावरचे बोरू उपटले जातात, माती ढासळते, बांधलेल्या नावा एकमेकींवर आपटतात. म्हणून इथे वेगमर्यादा ताशी तीन ते सहा मैलांच्या दरम्यान आहे, म्हणजे माणसाच्या चालीपासून सायकलच्या रमतगमत चालीपर्यंत. पूर्वी हा कारभार यारमथच्या बंदर आयुक्तांकडे होता. १९७८ साली ब्रॉड्स ऑथॉरिटी सुरू झाली, १९८८ च्या कायद्याने तिला अधिकार मिळाले आणि १९८९ पासून नद्यांची वाहतूक तिच्याकडे आली. वेगाचे पोटनियम १९९२ चे, वाहतुकीचे १९९५ चे. आपल्याकडे १९१७ चा इंग्रजी अमदानीतला अंतर्देशीय नौका कायदा एकशेचार वर्षे चालला आणि २०२१ साली बदलला गेला, हे जाता जाता.

शर्यतीच्या दिवशी या सगळ्याची परीक्षा होते. बहुतेकांची समजूत अशी, की शर्यत चालू असली म्हणजे पाणी शर्यतवाल्यांचे. तसे नाही. शर्यतीचे नियम फक्त स्पर्धकांत आपसात चालतात. बाहेरची नाव समोर आली, की स्पर्धकालाही सर्वसाधारण नियमच पाळावे लागतात. हे स्वतः शर्यतीच्या नियमपुस्तकातच लिहिलेले आहे. झेंडा लावला म्हणून नदी कोणाच्या नावावर होत नाही.

१९६१ पासून हॉर्निंग गावच्या सेलिंग क्लबची ‘तीन नद्यांची शर्यत’ भरते. ब्युअर, अँट आणि थर्न. सुमारे ऐंशी किलोमीटर, मुदत चोवीस तास. ठरलेल्या खुणांना वळसा घालायचा, पण कोणत्या क्रमाने ते ज्याचे त्याने वारा आणि भरती-ओहोटी पाहून ठरवायचे. त्यामुळे स्पर्धक एकाच वेळी उलटसुलट दिशांनी जात असतात, आणि भाड्याच्या बोटीत पहिल्यांदाच सुकाणू धरलेल्या कुटुंबाला तर सगळी नदीच शिडांनी भरलेली दिसते. पॉटर हाइगमचा मध्ययुगीन पूल इतका ठेंगणा, की त्याच्या कमानीखाली पाण्यापासून जेमतेम दोन मीटर जागा उरते. तिथे भाड्याची मोटारबोट वाटाड्याच्या हाती दिल्याशिवाय जात नाही आणि शीडवाले पुलाअलीकडे डोलकाठी पाडतात, वेग असेल त्यावर किंवा वल्हे मारून पलीकडे निघतात आणि ती पुन्हा उभी करतात.

अंधार पडला की भाड्याच्या बोटींना फिरण्याची परवानगी नसते. त्या काठाला बांधल्या जातात, आत दिवे लागतात, स्वयंपाकाचा वास सुटतो. शर्यत मात्र चालूच असते. दिवसभर ज्यांनी एकमेकांना हात करून वाट दिली, त्यातले एक आता पांघरुणात असतात आणि दुसरे त्यांच्या खिडकीपासून हातभर अंतरावरून, मंद वाऱ्यात, आवाज न करता वळतात. आतल्याला ऐकू येते ते फक्त पाण्याचे चुबुकणे आणि क्वचित शिडाची एक फडफड.