दुष्काळी मुलखांतील तलाव व खर्चाचें सदर

सोलापूर-साताऱ्याकडील जुन्या तलावांविषयीं लिहितांना बांधाची लांबी-उंची आवर्जून दिली जाते; पैसा कोणत्या सदरांतून आला, हें मात्र क्वचितच विचारलें जातें. आमच्या मतें तलावांचें पुष्कळसें भवितव्य त्या सदरानेंच ठरविलें.

सोलापुराजवळील एकरूखचा तलाव इ. स. १८७१ त पुरा झाला. त्याच जिल्ह्यांतील आष्टीचा व माण नदीवरील म्हसवडचा हे दोन १८७६-७७ च्या दुष्काळांत, उपाशी लोकांस काम द्यावें म्हणून हातीं घेतले गेले. जेथें मजूर, तेथें माती पडली. पण या तलावांचा पाणलोटहि त्याच कोरड्या मुलखांतला! जो पाऊस शेतांत पडला नाहीं तो तलावांत कोठून यावा? सह्याद्रीच्या पावसाचें पाणी भाटघरास अडवून नीरेच्या डाव्या कालव्यानें पूर्वेकडे नेणें हा खरा उपाय होता. परंतु त्यास वर्षानुवर्षें पुरणारा पैसा लागे.

तो पैसा मिळेल अशी आशा १८७८ त उत्पन्न झाली. दुष्काळनिवारणार्थ दरसाल दीड कोट रुपयांची तजवीज सरकारनें जाहीर केली व त्यासाठीं नवे करहि बसविले. अफगाणिस्तानच्या मोहिमेचा खर्च वाढतांच ती तजवीज मागें पडली. वर्तमानपत्रांनीं ओरड केली, तेव्हां वेगळा निधि असा कधींच नव्हता, असें उत्तर मिळालें. कर मात्र वेगळे ओळखूं येत होते.

पुढें कामांचे ‘उत्पादक’ व ‘संरक्षक’ असे दोन वर्ग झाले. उत्पादक कामास कर्ज मिळे, कारण तें व्याज देई. संरक्षक कामाचें तसें नव्हतें. पाऊस बरा झाला कीं ज्वारीचा शेतकरी पाणीपट्टी भरून पाणी घेईना. त्यामुळें ज्या वर्षीं तलावाची गरज नसे त्या वर्षांच्या जमाखर्चावरून तो तोट्याचा ठरे. सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या १९०१-०३ च्या आयोगानें हा दोष ओळखला: वांचलेला दुष्काळखर्चहि हिशेबांत धरावा असें त्यानें सुचविलें. त्यानंतर घाटाजवळ साठा करण्याच्या योजनांस जोर आला. प्रवरेवरील भंडारदऱ्याचें धरण १९२६ त पुरें झालें व भाटघरचें नवें धरण १९२८ त.

तथापि व्याजाची ओढ सुटली नाहीं. नीरेच्या डाव्या कालव्यावर ज्वारीपेक्षां ऊंस अधिक पाणीपट्टी देई व दरसाल देई. दुष्काळांतील पिकासाठीं आणलेलें पाणी उसाकडे वळलें, आणि जमाखर्चांत तें कालव्याचें यश म्हणून नोंदलें गेलें.